पाण्याकाठचा मुक्काम

ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्यास लागून कापूरबावडी मागे टाकली, म्हणजे थोड्याच अंतरावर मानपाडा येतो. याच नावाचे दुसरे स्थळ डोंबिवलीच्या पूर्वेस कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूस आहे. आम्ही राहतो तो ठाण्याचा मानपाडा. येऊरच्या डोंगराचा पायथा येथे रस्त्याच्या अगदी जवळ आला आहे. गेल्या तीसेक वर्षांत या पायथ्याशी उंच इमारतींची रांग उभी राहिली. परंतु गावांची नावे काही कोणी बदलली नाहीत. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ अशी ती नावे ओळीने वाचली असता, येथे पूर्वी कोणाची वस्ती होती हे सांगण्यास निराळ्या इतिहासकाराची गरज राहत नाही. बावडी पाण्याची, पाडा माणसांचा आणि बीळ वाघाचे. हे तिघे शेजारी एकमेकांस धरून राहत होते, आणि त्यांच्या शेजारधर्माचे काही नियमही असले पाहिजेत.

शनिवारी दुपारी आम्ही गच्चीत उभे राहिलो, म्हणजे याच रस्त्याने तंबूंच्या वळकट्या टपावर बांधलेल्या मोटारी जाताना दिसतात. कोणी येऊरच्या चढणीकडे वळतो, कोणी घाट ओलांडून पवनेच्या जलाशयाकडे, तर कोणी भंडारदऱ्याकडे जातो. आठवडाभर कचेरीत कोंडलेल्या माणसाने दोन रात्री पाण्याकाठी आकाशाखाली घालवाव्या, यापरते निरुपद्रवी सुख कोणते असेल? आम्हीही त्या सुखाचे लोभी आहोत. तथापि गेल्या माघात आम्हांस असा एक अनुभव आला, की तेव्हापासून या वळकट्या पाहिल्या म्हणजे एकच प्रश्न मनात उभा राहतो: हे लोक जेथे उतरणार, तेथे त्यांच्यावर आणि त्या पाण्यावर नजर ठेवणारे कोणी आहे काय?

तो अनुभव प्रथम सांगतो. आमच्या महाविद्यालयातील इतिहास मंडळाचे बावीस विद्यार्थी घेऊन आम्ही सह्याद्रीच्या कुशीतील एका धरणाच्या जलाशयाकाठी एका रात्रीच्या मुक्कामास गेलो होतो. स्थळ अत्यंत रमणीय होते. तिन्ही बाजूंस डोंगर, मध्ये निवळशंख पाणी, पलीकडे एका किल्ल्याची तटबंदी आणि काठावर चाळीसएक तंबू. पैसे आगाऊ घेतलेले होते. चालक दूर शहरात होता. आणि सर्व व्यवस्था अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलावर सोपविलेली होती. त्या बिचाऱ्यास चहा, जेवण आणि गाणी लावण्याचे यंत्र यांतून उसंत नव्हती. काठावर दिवा नव्हता, दोर नव्हता, पाण्याच्या खोलीची एक पाटीही नव्हती. यांत आमचाही दोष आहे, आणि तो आम्ही लपवू इच्छित नाही. निघण्यापूर्वी आम्ही जेवणाची चौकशी केली होती, अंथरुणाची केली होती. पाण्याची केली नव्हती.

संध्याकाळी आमचा एक विद्यार्थी गुडघाभर पाण्यात उतरला आणि हसत हसत पुढे चालू लागला. तळ सपाट होता, पाणी कमरेच्या वर येत नव्हते, म्हणून आम्हीही निश्चिंत होतो. इतक्यात काठावर भांडी घासत बसलेला एक म्हातारा हातातली परात टाकून ओरडत उठला. “गुरुजी, त्या पोराला मागं बोलवा! म्होरं आमची हीर हाय!” मुलगा जागीच थांबला. म्हातारा स्वतः पाण्यात शिरला, त्याने मुलाचा दंड धरून त्यास मागे आणले, आणि मग हातातल्या काठीने पुढचा तळ चाचपून दाखविला. दोन पावलांच्या अंतरावर काठी सबंध आत गेली.

मागाहून शेकोटीजवळ बसून आम्ही त्यास विचारले, “बाबा, तुम्हांला हे कसे ठाऊक?” त्यास या प्रश्नाचेच नवल वाटले. तो म्हणाला, “ठावं नसाया काय झालं? त्या हिरीचं पानी मी ल्हानपनी शेंदलंय. ह्यो तंबू हाय न्हवं तुमचा, हितं आमचा गोठा व्हता.” धरण झाले, गाव उठले, आणि ज्याच्या गोठ्याच्या जागी आम्ही झोपणार होतो, तो माणूस आमची भांडी घासण्यास रोजाने येत होता. त्या सबंध काठावर पाण्याचा तळ ठाऊक असलेला तो एकटाच मनुष्य होता, आणि राखणीचे काम मात्र त्यास कोणी सांगितलेले नव्हते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. इतिहास शिकविणाऱ्याची खोड अशी, की भीती वाटली तरी तो तिची पूर्वपीठिका शोधू लागतो. पाण्याकाठी मुक्काम करणे ही काही आजची हौस नव्हे. या देशात माणसे हजारो वर्षे अशी राहत आली. मग त्यांची राखण कोण करीत होते?

पहिले उत्तर आमच्याच डोंगरात आहे. येऊरच्या रांगेच्या पश्चिम अंगास कान्हेरीची लेणी आहेत. तेथे शंभराहून अधिक गुंफा आहेत, आणि त्यांतील अनेक गुंफांच्या दाराशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत या टाक्यांस ‘पोढी’ असे म्हटले आहे, आणि त्यांची दाने देणाऱ्यांत कल्याण, सोपारा यांसारख्या बंदरांतील व्यापारी व गृहस्थ आढळतात. कल्याणच्या अपरेणु नावाच्या व्यापाऱ्याचा लेख सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील आहे. त्याने भिक्षूंस नुसती गुंफा दिली नाही. तीबरोबर कायमची ठेव आणि मंगलस्थान, म्हणजे आजचे मागाठाणे, या गावातील शेतही दिले. गुंफा एकदा खोदून भागत नाही, तीत राहणाऱ्यांची तरतूद वर्षानुवर्षे चालली पाहिजे, हे त्या व्यापाऱ्यास समजत होते. आज जलाशयाकाठी तंबू ठोकणारा व्यापारी पहिल्या पावसाबरोबर ते गुंडाळून जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन व्यवहारांतील अंतर कळते.

भिक्षूंचा पावसाळ्यातील मुक्काम, ज्यास वर्षावास म्हणतात, तोही नियमांनी बांधलेला होता. पाली विनयपिटकात भिक्षूंच्या नित्य आचाराचे जे पंचाहत्तर शिष्टनियम आहेत, त्यांतील शेवटचा नियम असा आहे की आजारी नसता भिक्षूने पाण्यात मलमूत्रविसर्जन करू नये, थुंकूही नये. त्याच्या आधीचा नियम हिरवळीविषयी तेच सांगतो. जिवंत वनस्पती तोडण्यासही मनाई आहे. सर्वांत मौज शेकोटीच्या नियमाची आहे. थंडीच्या दिवसांत काही भिक्षूंनी एक मोठे पोकळ लाकूड पेटविले. त्याच्या ढोलीत एक काळा साप होता. तो होरपळून बाहेर आला आणि भिक्षूंच्या मागे लागला. या प्रसंगावरून, आजारपणासारखे कारण नसता केवळ शेकण्यासाठी भिक्षूने विस्तव पेटवू नये असा नियम घालण्यात आला. कान्हेरीचे भिक्षू भद्रयानीय पंथाचे होते व त्यांचा स्वतंत्र विनय आज उपलब्ध नाही. परंतु पाण्याविषयीचा त्यांचा आचार याहून फार निराळा असेल असे मानण्यास कारण दिसत नाही.

या सर्व व्यवस्थेत बाहेरचा पहारेकरी कोठेच नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. वर्षावास संपताना ‘पवारणा’ नावाचा विधी होई. त्यात प्रत्येक भिक्षू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, संघापुढे बसून विनंती करी, की माझे जे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा ज्याची तुम्हांस शंका असेल, ते मला सांगा. राखण करणारे आणि राखले जाणारे तेथे एकच होते. मुक्काम संपवून निघताना असा एक अर्धा तास आमच्या सहलींतून काढला जाईल, तर काठावर किती बाटल्या कमी उरतील, हा विचार करण्यासारखा आहे.

परंतु सर्वच मुक्काम भिक्षूंचे नसतात. फौजेचा तळ पडला म्हणजे काय होते हे आमच्या पूर्वजांनी चांगले अनुभविले होते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवछत्रपतींनी चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ते राजनीतीचा नमुना म्हणून वाचले जाते. आम्हांस ते मुक्कामाच्या देखरेखीवरील मराठीतील एक उत्कृष्ट प्रकरण वाटते. पावसाळ्यासाठी साठविलेली वैरण व दाणा उधळून टाकाल, तर पुढे जनावरे मरतील आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, हा त्यातील पहिला इशारा. रयतेच्या काडीसही हात लावू नये, हवे ते बाजारात पैसे देऊन घ्यावे, हा दुसरा. तिसरा इशारा आगीचा. स्वयंपाकाची चूल, तमाखूची चिलीम, रात्री तेवत ठेवलेला दिवा, या प्रत्येकाचा विचार त्यात आहे. इतकेच नव्हे, तर एखादा उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, हेही राजाने पाहिले आहे. सिंहासनावर बसणाऱ्या किंवा नुकत्याच बसलेल्या पुरुषाने उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करावा, याचेच नाव देखरेख.

भिक्षूंचा नियम आतून येत होता. छावणीचा हुकूम वरून येत होता. या दोहोंच्या मधली आणि बहुधा दोहोंहून जुनी अशी तिसरी राखण गावाची होती. ठाणे हे तळ्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. शिलाहारांच्या काळी श्रीस्थानक म्हणून नावाजलेल्या या नगरात मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वराचे देवालय आहे, आणि पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी त्याची उभारणी केल्याचे सर्वश्रुत आहे. तळ्याकाठी देऊळ असणे ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. देऊळ असले म्हणजे पहाटे दार उघडणारा कोणी असतो, संध्याकाळी दिवा लावणारा कोणी असतो, आणि काठावर वावगे काही घडले तर विचारणारा असतो. डोंगरातील वारल्यांनी हेच काम वाघदेवाकडे दिले. रानाच्या सीमेवर त्याचे ठाणे असते, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीस त्याची पूजा होते. येथवर तुझे, येथून आमचे, असा तो करार आहे. कोकणात ‘राखणदार’ हा शब्द माणसासाठी वापरतात आणि देवासाठीही वापरतात, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या जुन्या राखणीशेजारी एक नवी राखण आली. मुंबई वाढत होती आणि तिच्या विहिरी व तळी तिला पुरेनाशी झाली होती. १८५४ च्या सुमारास टंचाई इतकी झाली, की पाणी होड्यांनी आणि आगगाडीने आणावे लागले. हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे १८५६ साली साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमखोऱ्यात, विहारच्या धरणाचे काम सुरू झाले, आणि १८६० साली ते पाणी नळाने मुंबईस मिळू लागले. पुढे १८७९ मध्ये तुळशीचा तलाव झाला, आणि १८९२ मध्ये शहापूरकडील तानसाचे पाणी आले. विहार आणि तुळशी यांचे पाणलोट क्षेत्र महानगरपालिकेच्या ताब्यात राहिले. पाणी निर्मळ राहावे म्हणून काठ बंद करण्यात आला, आणि आजही तेथे परवानगीवाचून जाता येत नाही.

या बंद दाराची निंदा करणे सोपे आहे. परंतु इतिहासाने न्याय केला पाहिजे. मुंबईसारख्या महानगराच्या कुशीत सुमारे एकशे तीन चौरस किलोमीटरचे जे राष्ट्रीय उद्यान आज टिकून आहे, आणि ज्याच्या एका अंगास आमचा मानपाडा आहे, ते टिकण्याचे एक मोठे कारण या दोन तलावांचे राखलेले पाणलोट हे होय. बिबट्या अजून येथे आहे तो बऱ्याच अंशी त्या कुलपाच्या कृपेने. मात्र कुलूप लावताना एका गोष्टीचा विसर पडला. पाण्याचा मालक आता दूर शहरात गेला. काठावर राहणारा मनुष्य हा राखणदार न राहता संशयित झाला. डोंगरातील पाड्यांचे आदिवासी या उद्यानाच्या सीमा आखल्या जाण्याच्या आधीपासून तेथे आहेत, तरी आपल्याच रानात आपण कायदेशीर की बेकायदेशीर, या प्रश्नात त्यांच्या पिढ्या गेल्या.

विसाव्या शतकात हीच गोष्ट सह्याद्रीच्या माथ्यावर अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी मुळशीचे खोरे बुडणार हे कळल्यावर १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ हे नाव मिळाले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झाले. १९२६ साली प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि त्यास विल्सन व त्यामागील जलाशयास आर्थर अशी नावे मिळाली. पुढे १९७० च्या सुमारास पवनेचे धरण बांधले गेले. त्यातील विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळत राहिला, आणि त्याच धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडकडे नेण्यास विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबार होऊन तिघे मृत्यू पावले. ज्या पाण्यात चांदणे पाहण्यास आम्ही जातो, त्याच्या पोटात इतका इतिहास आहे. तो दिसत नाही, कारण पाणी फार स्वच्छ असते आणि आम्हांस तळ पाहण्याची सवय नसते.

आता आजच्या तंबूंकडे वळू. धरण पाटबंधारे खात्याचे. पाण्यावर हक्क दूरच्या शहराचा. भोवतालचे रान वनखात्याचे. काठाची जमीन कोणा खासगी मालकाची किंवा कोणी भाड्याने घेतलेली. वाटसरूंच्या संरक्षणाचे काम पोलिसांचे. आणि कचऱ्याचे ग्रामपंचायतीचे. इतक्या जणांच्या नजरा एका काठावर असताना प्रत्यक्षात तेथे पाहणारा कोणीच नसतो, कारण ज्याचे त्याचे काम दुसऱ्याच्या हद्दीपाशी संपते. पवनेत पोहण्यास उतरलेले तरुण बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात. भंडारदऱ्याकडे ज्येष्ठाच्या तोंडावर काजवे पाहण्यास अशी गर्दी लोटते, की मोटारींच्या दिव्यांनी काजवेच दिसेनासे होतात, आणि मग वनखात्यास निर्बंध घालावे लागतात. येऊरमध्ये रात्रीचे ध्वनिक्षेपक व प्रकाशझोत यांविषयी रहिवाशांस उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या वरच्या अंगाला, पावसाच्या अचानक आलेल्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत मुले होती. सर्व महाराष्ट्राने ते दृश्य पाहिले. त्यानंतर काय झाले? पुणे जिल्ह्यातील धबधबे, धरणे व तलाव यांच्या परिसरात मनाईचे हुकूम निघाले. आदल्या दिवसापर्यंत कोणीही कोठेही उतरावे, आणि दुसऱ्या दिवसापासून कोणीच कोठे जाऊ नये. काठाच्या कारभारास दुर्लक्ष आणि मनाई ही दोनच साधने ठाऊक असावीत असे हे चित्र आहे. दुर्लक्षाचा काळ दुर्घटनेपर्यंत चालतो आणि मनाईचा काळ ती विस्मरणात जाईपर्यंत. राखण ही या दोहोंहून निराळी वस्तू आहे. ती रोजची असते, जागेवरची असते, आणि तिला त्या जागेची माहिती असते.

येथे कोणी म्हणेल, की हा सारा दोष अडाणी गर्दीचा आहे. रसिक माणसेच तेवढी पाण्याकाठी गेली तर काहीच बिघडणार नाही. हा विचार नवा नाही. इंग्लंडच्या सरोवरप्रदेशात विंडरमिअरपर्यंत आगगाडी नेण्याचे घाटत असता, १८४४ मध्ये वर्ड्‌स्वर्थने वृत्तपत्रात पत्रे लिहून त्यास विरोध केला. निसर्गसौंदर्याची गोडी संस्काराने येते, ती एकाएकी गाडी भरून आलेल्या कारागिरांस कशी कळणार, असा त्याच्या युक्तिवादाचा एक भाग होता. आम्ही त्याच्या कवितेवर वाढलो. तरीही हा भाग आम्हांस कधी पटला नाही. योगायोग असा, की त्याच १८४४ च्या वसंतात अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो आपल्या एका मित्रासह काँकर्डजवळ पाण्याकाठी मासे शिजवीत बसला असता विस्तव कोरड्या गवतात शिरला आणि सुमारे तीनशे एकर रान जळून गेले. निसर्गाच्या सहवासाचा जो पुढे आचार्य मानला गेला, त्याच्याच हातून हे घडले! तेव्हा रसिकता ही राखणीची जागा घेऊ शकत नाही. वॉल्डनचा जो तलाव त्याने अमर केला, तो १९२२ पासून तेथील राज्याच्या स्वाधीन आहे. लोक आजही तेथे पोहावयास जातात, परंतु जागा भरली म्हणजे पुढच्यास दार बंद होते. मोकळीक आणि मर्यादा या दोन्ही एका काठावर नांदू शकतात, हे त्यावरून दिसते.

आमच्याकडे असे का होऊ नये? त्यास कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्यांस नुसते हक्क दिले नाहीत. पाणलोट, जलस्रोत आणि नाजूक परिसर यांचे रक्षण करण्याचा अधिकार व जबाबदारीही ग्रामसभेकडे दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंडांच्या गावास २००९ साली असा सामूहिक हक्क मिळाला, आणि एक लहान गाव आपले रान हिशेबाने कसे सांभाळते हे सर्व देशाने पाहिले. जलाशयांचे काठ सर्वत्र वनात मोडत नाहीत, हे आम्ही जाणतो. आणि गावातही लोभी माणसे असतात, हेही जाणतो. काही ठिकाणी तंबूंचे चालक गावचेच तरुण आहेत, आणि त्यांची घरे त्यावर चालतात. म्हणूनच तंबू उठवावे असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे, की ज्या गावाची जमीन पाण्याखाली गेली, त्या गावास त्या काठावर भांडी घासण्यापलीकडचा काही मान असावा. किती तंबू पडावे, कोठे उतरावे, कोठे उतरू नये, दिवे केव्हा मालवावे, हे त्याने ठरवावे. येणाऱ्याने त्याचे योग्य मोल द्यावे. आणि पाहुण्याने यजमानाचे ऐकावे. सरकारचे काम त्यास दोर, होडी, दिवा आणि अधिकार देण्याचे.

आम्ही निघण्याच्या दिवशी सकाळी त्या म्हाताऱ्यास आमच्या मुलांनी एक विनंती केली. त्याने काठावर बसून, काठीने ओल्या मातीत आपले गाव काढून दाखवावे. प्रथम तो लाजला. मग त्याने देऊळ काढले, चावडी काढली, ओढा काढला, विहिरी दोन होत्या त्या दोन्ही काढल्या, आणि कोणाचे घर कोठे होते ते नावानिशी सांगितले. ज्या मुलास त्याने ओढून आणले होते, त्याने तो नकाशा आपल्या वहीत उतरून घेतला. तंबू सांभाळणारा तो पोरगाही जवळ येऊन उभा राहिला होता. दोन्ही विहिरींच्या जागी बांबू रोवून त्यांवर लाल फडके बांधावे, असे आमच्या मुलांनी त्यास सुचविले. त्याने मालकास विचारतो म्हणून सांगितले. म्हातारा म्हणाला, “इचारतोस कुनाला? बांबू माझ्या घरी हायेत.” आणि तो ते आणावयास निघालाही.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा पहिला बांबू उभा राहिला होता. तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकला की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु या शनिवारी मानपाड्याच्या गच्चीतून तंबूंच्या वळकट्या जाताना पाहिल्या, तेव्हा आम्हांस कान्हेरीच्या टाक्यांइतकीच त्या लाल फडक्याची आठवण झाली. वाचकांपैकी जे कोणी येत्या सुटीत पाण्याकाठी मुक्कामास जातील, त्यांस आमची एवढीच विनंती आहे, की जेवणाची चौकशी करण्यापूर्वी काठावरील एखाद्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करावी. त्यास आधी नमस्कार करावा, आणि मग पाणी कसे आहे ते विचारावे.